उंबरठ्याच्या आतला साठा : अकामाईची वाटचाल

हवाई बेटांच्या भाषेत ‘अकामाई’ म्हणजे हुशार, चतुर. हे नाव घेतलेली संस्था २० ऑगस्ट १९९८ रोजी स्थापन झाली. तिचे घर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले केंब्रिज. माहिती जिथे तयार होते तिथून ती दर वेळी ओढून आणण्याऐवजी वापरणाऱ्याच्या जवळ तिचा साठा ठेवायचा आणि तिथून ती पुरवायची, हे तिचे मूळ काम. हे ‘जवळ’ किती जवळ असावे, याचा शोध संस्थेने पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालवला आहे. तिचा साठा आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या आवारांत होता, आणि २०१४मध्ये तो थेट कंपन्यांच्या शाखा-कार्यालयांतील राउटरच्या पोटात जाऊन बसला. या वाटचालीची ही नोंद आहे.

या कामाचे बीज १९९५मध्ये पडले. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली तेव्हा एमआयटीच्या संगणकविज्ञान प्रयोगशाळेत होते. वेब झपाट्याने पसरत होते आणि त्या पसरण्यातच त्याची कोंडी होणार, अशी चिन्हे त्यांना दिसू लागली होती. एखादी बातमी किंवा छायाचित्र लोकांच्या मनात भरले की जगभरातल्या विनंत्या एकाच सर्व्हरवर येऊन आदळत. सर्व्हर कोलमडे आणि त्याच्याकडे जाणारे मार्गही तुंबत. या गर्दीवर उपाय शोधावा, असे आवाहन त्यांनी प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांना केले. त्यांच्या खोलीपासून जवळच उपयोजित गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन यांची खोली होती. लेटन यांनी तो प्रश्न गणिताचा म्हणून हाती घेतला.

जवळ साठा ठेवण्याची कल्पना त्या काळी अपरिचित नव्हती. विद्यापीठे आणि कंपन्या आपल्या जाळ्याच्या तोंडाशी कॅश सर्व्हर बसवीत. एकाने मागवलेले पान तिथे राहून जाई आणि पुढच्याला तिथूनच मिळे. डुएन वेसल्स यांच्या पुढाकाराने १९९६मध्ये आलेले ‘स्क्विड’ हे मुक्त सॉफ्टवेअर आजही याच कामासाठी वापरात आहे. अडचण सुरू होई ती साठे अनेक झाल्यावर. कोणती वस्तू कोणत्या सर्व्हरवर ठेवायची हे ठरवण्याची रूढ रीत सर्व्हरांच्या एकूण संख्येवर अवलंबून होती. एक सर्व्हर बंद पडला किंवा नवा आला की जवळपास सगळी वाटणीच बदले, आणि काय कुठे ठेवले आहे याचा मेळ सुटे.

गावजेवणाची पंगत डोळ्यांपुढे आणली तर ही अडचण ध्यानात येते. वाढप्यांची संख्या मोजून पानांची वाटणी केली आणि मध्येच एक वाढपी निघून गेला, तर सगळी पाने नव्याने वाटून घ्यावी लागतात आणि तोवर पंगत खोळंबते. त्याऐवजी पंगत गोलात बसवली, वाढपीही त्या गोलावर ठिकठिकाणी उभे केले आणि प्रत्येकाने आपल्या मागच्या वाढप्यापासून आपल्यापर्यंतची पाने सांभाळायची असे ठरवले, तर एक जण गेल्यावर फक्त त्याचीच पाने शेजाऱ्याकडे जातात. बाकीच्यांचे वाढणे चालू राहते. ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ या नावाने पुढे जगभर ओळखल्या गेलेल्या पद्धतीचे सार हेच आहे. डेव्हिड कार्गर, एरिक लेहमन, टॉम लेटन, रीना पाणिग्रही, मॅथ्यू लेव्हाइन आणि डॅनियल लुइन या सहा जणांचा तो शोधनिबंध मे १९९७मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे, ‘स्टॉक’ या लघुनावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणनसिद्धांताच्या वार्षिक परिषदेत सादर झाला. दहा वर्षांनी, २००७मध्ये, अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी आपल्या ‘डायनमो’ या माहितीकोशाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्याही तळाशी हीच पद्धत होती. एका विद्यापीठातल्या चर्चेतून निघालेल्या विचाराला यापेक्षा मोठी पावती कोणती?

या सहा जणांतले डॅनियल लुइन, सर्वांचे डॅनी, संस्थेच्या इतिहासात वेगळे उठून दिसतात. त्यांचा जन्म १९७०मध्ये कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे झाला. चौदाव्या वर्षी ते कुटुंबासह इस्राएलला गेले. तिथल्या सैन्याच्या सायेरेत मत्काल या निवडक तुकडीत अधिकारी म्हणून त्यांनी सेवा केली, हैफातील टेक्निऑन या संस्थेत शिक्षण घेतले आणि १९९६मध्ये ते एमआयटीत लेटन यांचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. कागदावर सिद्ध झालेली गोष्ट लोकांच्या उपयोगी पडलीच पाहिजे, हा आग्रह लुइन यांचा. लेटन यांच्या पिंडात व्यापार नव्हता. त्यांना प्रयोगशाळेबाहेर आणण्याचे श्रेय या विद्यार्थ्याकडे जाते.

एमआयटीत त्या काळी नव्या उद्योगांच्या कल्पनांसाठी पन्नास हजार डॉलरची स्पर्धा होत असे. १९९८मध्ये लेटन आणि लुइन यांनी स्लोन व्यवस्थापन शाळेतील जोनाथन सीलिग आणि प्रीतिश निझावन या विद्यार्थ्यांच्या साथीने तीत भाग घेतला. त्यांची कल्पना अंतिम फेरीपर्यंत पोहोचली, पण बक्षीस मिळाले नाही. संस्थेच्या स्थापनेचे वर्ष असे एका पराभवाने सुरू झाले. तरीही त्याच उन्हाळ्यात कंपनी उभी राहिली. रँडल कॅप्लन सहसंस्थापक म्हणून सोबत आले, बॅटरी व्हेंचर्स आणि पोलारिस यांनी भांडवल दिले, आणि प्रसारमाध्यमांच्या जगाचा अनुभव असलेले पॉल सेगन त्या वर्षाच्या अखेरीस रुजू झाले. सुरुवातीच्या ताफ्यात एमआयटीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. रात्र-रात्र जागून आज्ञावली लिहिणाऱ्या या मुलांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत. संस्थेचा पाया मात्र त्यांनीच घातला.

पहिली मोठी कसोटी मार्च १९९९मध्ये आली. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचे दिवस होते आणि ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील नव्या चित्रपटाची झलक त्याच सुमारास इंटरनेटवर आली होती. ईएसपीएन आणि ‘एंटरटेनमेंट टुनाइट’ यांचा भार अकामाईच्या सर्व्हरांनी उचलला. इतर ठिकाणी पाने उघडेनाशी झाली असताना हा साठा टिकून राहिला. एप्रिलमध्ये सेवा अधिकृतपणे विक्रीला आली आणि जॉर्ज कॉनरेड्स यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची सूत्रे घेतली. याहू हा आरंभीच्या मोठ्या ग्राहकांपैकी एक. त्याच वर्षी अ‍ॅपलने सव्वा कोटी, सिस्कोने ४ कोटी ९० लाख आणि मायक्रोसॉफ्टने दीड कोटी डॉलर गुंतवले. यातले सिस्कोचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पंधरा वर्षांनी हाच धागा पुन्हा हाती येणार होता.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी अकामाईचे समभाग २६ डॉलर भावाने विक्रीला आले आणि दिवसअखेर १४५ डॉलरवर पोहोचले. हा भाव कामाचा होता तितकाच त्या काळच्या हवेचाही होता, हे लवकरच सिद्ध झाले. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला आणि अकामाईचे अनेक ग्राहक त्यासोबत नाहीसे झाले. २०००मध्ये सुमारे २८० कोटी डॉलरला घेतलेल्या ‘इंटरव्यू’ या कंपनीचे मूल्य हिशोबातून खोडावे लागले आणि २००१चा वार्षिक तोटा २४० कोटी डॉलरवर गेला. माणसे कमी करावी लागली. २००२मध्ये समभाग एका डॉलरच्याही खाली उतरला.

आणि याच काळात संस्थेवर सर्वांत मोठा घाव बसला. ११ सप्टेंबर २००१च्या सकाळी डॅनी लुइन बॉस्टनहून लॉस एंजलिसला जाणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ११ क्रमांकाच्या विमानात होते. ते विमान न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आदळवण्यात आले. लुइन ३१ वर्षांचे होते. त्या दिवशी जगभरातले लोक बातम्यांसाठी इंटरनेटकडे धावले, बातम्यांची संकेतस्थळे गर्दीखाली चिरडली जाऊ लागली, आणि ज्या गर्दीवरचा उपाय लुइन यांनी लिहिला होता ती प्रत्यक्ष समोर उभी राहिली. केंब्रिजमधील नियंत्रण कक्षात त्यांचे सहकारी दुःख गिळून काम करत राहिले आणि त्यांनी ती संकेतस्थळे चालू ठेवली. संस्थेच्या वाटचालीत याहून कठीण दिवस नाही आणि याहून मोठा दिवसही नाही.

पुढची तीन वर्षे चिकाटीची होती. काटकसर झाली, नवे ग्राहक जोडले गेले आणि २००४मध्ये संस्थेने पहिल्यांदा वर्षभराचा नफा नोंदवला, ३ कोटी ४४ लाख डॉलर. त्याच वर्षी जूनमध्ये अकामाईच्या डीएनएसवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर, हल्ला झाला आणि काही मोठी संकेतस्थळे काही काळ दिसेनाशी झाली. हल्ल्यांपासून बचाव हाही आपल्या कामाचाच भाग आहे, याची जाणीव अशा प्रसंगांतून पक्की होत गेली. एप्रिल २००५मध्ये पॉल सेगन मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याच वर्षी अजित गुप्ता यांनी स्थापन केलेली, न्यायालयात अकामाईशी झगडलेली ‘स्पीडेरा’ ही प्रतिस्पर्धी कंपनी अकामाईत विलीन झाली. स्पीडेराचे विकासकेंद्र बंगळुरूत होते; अकामाईच्या भारतातील कामाला तिथून बळ मिळाले.

या सर्व काळात साठा हळूहळू जवळ सरकत होता. अकामाईने सुरुवातीपासूनच आपले सर्व्हर थोड्या मोठ्या केंद्रांत न ठेवता इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या आवारात ठेवण्याची वाट धरली. सेवादात्या कंपनीने जागा आणि वीज द्यायची, अकामाईने यंत्र द्यायचे. कंपनीचा बाहेरून माहिती आणण्याचा खर्च वाचे, ग्राहकाला पान लवकर मिळे. या पद्धतीने २०१०पर्यंत सत्तर देशांतील सुमारे एक हजार जाळ्यांमध्ये ६१ हजार सर्व्हर बसवले गेले होते. त्यांतला प्रत्येक सर्व्हर कुणीतरी उचलून आणला, कपाटात चढवला, तारा जोडल्या. जगभरातल्या त्या तंत्रज्ञांची यादी करता येणार नाही, पण त्यांच्यावाचून ही संख्या उभी राहिली नसती.

तरीही एक जागा सुटली होती, आणि इथे थोडे थांबायला हवे.

मोठ्या कंपनीच्या, बँकेच्या किंवा दुकानांच्या साखळीच्या शाखा शेकडो गावांत असतात. कोल्हापूर-लातूरकडच्या बँकशाखेत जावे किंवा अमेरिकेतल्या एखाद्या दुकानात, कोपऱ्यातल्या कुलूपबंद कपाटात एक राउटर लुकलुकत असतो. शाखेचा सगळा व्यवहार त्यातून जातो. त्या काळी तिथून एक भाड्याची लाइन मुख्यालयाच्या डेटा सेंटरपर्यंत जाई आणि इंटरनेटचे दार तिथे असे. अमेरिकेत या लाइनचे रूढ रूप होते टी-वन. तिचा वेग सेकंदाला १.५४४ मेगाबिट. हिशोबाचे आकडे आणि ईमेल चालत होते तोवर ती पुरेशी होती. प्रशिक्षणाचे व्हिडिओ आले, दुकानातले जाहिरातीचे पडदे जाळ्यावरून चालू लागले, ग्राहकांना फुकट वाय-फाय देण्याची रीत पडली, आणि तिचा श्वास कोंडू लागला. १८ सप्टेंबर २०१३ रोजी अ‍ॅपलने आयफोनच्या आयओएस या प्रणालीची सातवी आवृत्ती सोडली, तेव्हा विद्यापीठांची आणि कचेऱ्यांची जाळी त्या एकाच फाइलने भरून गेली. चाळीस माणसांच्या कचेरीत तीच फाइल त्याच बारीक लाइनवरून चाळीस वेळा येत होती.

अकामाईचा सर्व्हर त्या शहरातच, कदाचित चार चौकांपलीकडे होता. पण शाखेचा प्रवाह आधी शेकडो मैल दूरच्या मुख्यालयात जाई आणि तिथून फिरून येई. नदी गावाशेजारून वाहत होती, आणि घरात येणारा नळ मात्र दुसऱ्या गावाला वळसा घालून येत होता. अशा घराला लागतो तो आपला रांजण.

हा रांजण बसवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते आणि त्यांत सिस्कोचा वाटा मोठा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लेन बोझॅक आणि सँडी लर्नर यांनी डिसेंबर १९८४मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने राउटर हे यंत्र घराघरांत नसले तरी कचेरी-कचेरीत पोहोचवले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने कॅश इंजिन नावाची वेगळी पेटी आणि त्यासोबत डब्ल्यूसीसीपी ही रीत आणली. राउटरने वेबकडे जाणारा प्रवाह ओळखून शेजारच्या पेटीकडे वळवायचा. वापरणाऱ्याच्या संगणकात काही बदलावे लागत नसे. रीत उत्तम होती. पेटी मात्र वेगळी होती, आणि शाखांच्या जगात वेगळी पेटी म्हणजे वेगळी वीज, वेगळी जागा, वेगळा देखभालीचा करार आणि ती बिघडली की दूरवरून येणारा तंत्रज्ञ. एका शाखेत हे निभते. हजार शाखांत नाही.

उत्तर हळूहळू तयार झाले. सप्टेंबर २००४मध्ये सिस्कोने ‘इंटिग्रेटेड सर्व्हिसेस राउटर’, म्हणजेच आयएसआर, ही मालिका आणली. मार्ग दाखवणे, सुरक्षा आणि दूरध्वनी ही कामे एका पेटीत आली. त्याच वर्षी सिस्कोने ‘अ‍ॅक्टोना’ ही कंपनी घेतली. दूरच्या शाखेला मुख्यालयातल्या फाइल जवळ असल्यासारख्या वापरता याव्यात, हे तिचे कौशल्य. त्या पायावर २००६मध्ये ‘वॅस’ ही प्रणाली उभी राहिली. वॅस लाइनवरून जाणारे पुनरुक्त तुकडे ओळखून ते पुन्हा पाठवणे टाळी आणि उरलेले दाबून लहान करी. २००९मध्ये राउटरांची दुसरी पिढी आली, तिच्यात छोटे सर्व्हर खुपसता येऊ लागले. २०१३मधील आयएसआर ४४५१ या यंत्रात अनेक गाभ्यांचा प्रोसेसर होता, आणि वॅससारखी प्रणाली राउटरच्या स्वतःच्याच डोक्यात, वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय होती. साठ्याला जागा झाली होती. साठा कसा भरावा आणि कसा जपावा हे जाणणारा जोडीदार हवा होता.

१ जानेवारी २०१३ रोजी टॉम लेटन स्वतः अकामाईचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याच वर्षी अकामाई आणि सिस्को यांनी एकत्र कामाची घोषणा केली आणि २०१४मध्ये ‘अकामाई कनेक्ट’ नावाने साठ्याची सोय शाखांच्या राउटरमध्ये आली. १९९९मध्ये ज्या कंपनीने पैसा गुंतवला होता, तिच्याच यंत्रात आता अकामाईचे सॉफ्टवेअर राहू लागले.

ही जोडणी वरवरची नव्हती. वॅसचे बरेचसे काम दुहेरी होते. शाखेत एक आणि मुख्यालयात एक अशी दोन टोके असली तरच ते चाले, कारण एकाने दाबलेले दुसऱ्याने सोडवायचे असते. अकामाईचा साठा एकाच टोकाला पुरेसा होता. त्यामुळे शाखेने मुख्यालयाचा वळसा टाळून स्थानिक ब्रॉडबँडने थेट इंटरनेट घेतले तरी साठा काम करी. महागड्या खासगी लाइनऐवजी, किंवा तिच्या जोडीला, स्वस्त इंटरनेट वापरण्याकडे कंपन्या तेव्हा वळत होत्या. त्या बदलात ही एकटोकी रीत नेमकी बसली.

साठ्याच्या रीतीही एकापेक्षा अधिक होत्या. साध्या रीतीत संकेतस्थळाने स्वतः ठेवण्याची मुभा दिलेल्या वस्तूच तेवढ्या ठेवल्या जात. प्रगत रीतीत चित्रे आणि व्हिडिओ अधिक धिटाईने, अधिक काळ राखले जात. यूट्यूबसारख्या ठिकाणी तोच व्हिडिओ दर वेळी वेगळ्या पत्त्याने येतो. पत्ता वेगळा दिसला तरी आतली वस्तू तीच आहे हे ओळखण्याची खास सोय करावी लागली. शाखेतला साठा अकामाईच्या जागतिक जाळ्याशी ओळख पटवून बोलू शके, आणि एरवी साठवता न येणारी काही सामग्रीही त्या जाळ्याकडून विश्वासाने घेई. शिवाय ‘आधीच आणून ठेवणे’ ही सोय होती. दुसऱ्या दिवशी सर्व शाखांना दाखवायचा व्हिडिओ रात्री लाइन रिकामी असताना मागवून ठेवायचा. पहाटे पाणी येते तेव्हा रांजण भरून ठेवणाऱ्या घराला याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

या टप्प्यातल्या अडचणीही नोंदवायला हव्यात. वेबवरची वाहतूक झपाट्याने कूटबद्ध होत होती. पत्त्याच्या आरंभी कुलपाचे चिन्ह असले की मधल्या राउटरला आतले काही दिसत नाही. दिसत नाही ते साठवता येत नाही. कंपनीने स्वतःची प्रमाणपत्रे राउटरला देऊन ते कुलूप उघडण्याची सोय होती, पण ती बसवणे जोखमीचे आणि कष्टाचे होते, आणि हे कुलूप वापरणाऱ्याच्या भल्यासाठी असल्याने त्याबद्दल तक्रार करण्यासारखेही काही नव्हते. दुसरीकडे शाखांच्या जाळ्यांची घडणच बदलत गेली. सॉफ्टवेअर क्लाउडमध्ये गेले, लाइनची रुंदी वाढली, आणि २०१७मध्ये सिस्कोने ६१ कोटी डॉलरला ‘व्हिप्टेला’ घेऊन शाखा जोडण्याची नवी रीत पुढे आणली. राउटरमधल्या साठ्याची निकड ओसरत गेली. पण शाखेतून थेट जवळच्या इंटरनेटवर उतरायचे आणि जे लागते ते शेजारून घ्यायचे, ही सवय कंपन्यांना याच काळात लागली, आणि ती टिकली.

भारतीय वाचकाने अकामाईचे काम नाव न कळता अनुभवले ते २०१९मध्ये. १२ मे रोजी हैदराबादेत मुंबई इंडियन्सने चेन्नईला एका धावेने हरवून आयपीएल जिंकली, तेव्हा हॉटस्टारवर एकाच वेळी १ कोटी ८६ लाख लोक तो सामना पाहत होते, आणि तो प्रवाह अकामाईच्या जाळ्यावरून येत होता. दोनच महिन्यांनी विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत भारत-न्यूझीलंड सामन्याला हा आकडा २ कोटी ५३ लाखांवर गेला. १९९५मध्ये ज्या गर्दीची भीती वाटत होती, ती इतकी मोठी होऊन आली आणि बहुतेकांचा शेवटच्या चेंडूपर्यंतचा श्वास चित्राबरोबरच चालत राहिला.

मार्च २०२०मध्ये जगभरातल्या शाखा एकाएकी रिकाम्या झाल्या. कपाटातले राउटर तसेच लुकलुकत राहिले आणि सगळी कचेरी घरी गेली. अकामाईच्या जाळ्यावरची वाहतूक त्या एका महिन्यात सुमारे तीस टक्क्यांनी वाढली. एरवी एवढी वाढ वर्षभरात होते. गर्दीच्या भागांत इतरांची कामे अडू नयेत म्हणून सोनी आणि मायक्रोसॉफ्टशी बोलून खेळांच्या जड फाइल हळू सोडण्यात आल्या. २२ जुलै २०२१ रोजी मात्र डीएनएस यंत्रणेतील एका सुधारणेतून दोष उद्भवला आणि बँका, विमानकंपन्या, दुकाने यांची अनेक संकेतस्थळे तासभर बंद पडली. संस्थेने दोष मान्य केला आणि ती सुधारणा मागे घेऊन सेवा पूर्ववत केली. इतके लोक ज्यावर विसंबून असतात त्याची चूकही तितकीच मोठी दिसते.

२०२२मध्ये अकामाईने ९० कोटी डॉलरला ‘लिनोड’ ही क्लाउड कंपनी घेतली. लिनोडचे मुंबईतले डेटा सेंटर २०१९पासून चालू होते. नंतर चेन्नईतही केंद्र आले. आता माहितीच्या साठ्यासोबत हिशोब करण्याचे कामही वापरणाऱ्याच्या जवळ नेण्याचा प्रयत्न चालू आहे. आज संस्थेचे सर्व्हर १३० हून अधिक देशांत चार हजारांहून अधिक ठिकाणी आहेत. २०२४चे उत्पन्न सुमारे ४०० कोटी डॉलर होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक सुरक्षेच्या कामातून आले. केंब्रिजच्या केंडल चौकातल्या नव्या इमारतीत संस्था २०१९पासून नांदते आहे. एमआयटी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

२०१७मध्ये लेटन आणि लुइन या दोघांची नावे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानयादीत गेली, आणि पुढच्या वर्षी लेटन यांना मार्कोनी पारितोषिक मिळाले. केंब्रिजमध्ये एका चौकाला डॅनी लुइन यांचे नाव आहे. मे १९९७मध्ये ज्या परिषदेत त्या सहा जणांचा शोधनिबंध वाचला गेला, त्या परिषदेत विद्यार्थ्यांच्या सर्वोत्तम निबंधासाठी एक पारितोषिक दिले जाते. त्याचे नाव डॅनी लुइन पारितोषिक.